ओढून नेलं म्हणजे नेमकं काय झालं?

मॅल्कम-जमाल वॉर्नर २० जुलै २०२५ रोजी कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, लिमोन प्रांतात कोक्लेसजवळ, समुद्रात बुडून वारले. वय ५४. १९८४ ते १९९२ अशी आठ वर्षं चाललेल्या 'द कॉस्बी शो' या अमेरिकी मालिकेत ते थिओ नावाच्या मुलाचं काम करत. कोवळा पोरगा म्हणून पडद्यावर आले आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मोठे झाले. सुट्टीत घरच्यांबरोबर गेले होते, पाण्यात उतरले, जोरदार प्रवाहात सापडले. किनाऱ्यावरच्या लोकांनी बाहेर काढलं, पण रेडक्रॉसची माणसं पोचली तेव्हा जीव राहिला नव्हता.

अशी बातमी जळगाव-धुळ्याच्या फोनांवर येते तेव्हा होणारा वाद ठरलेला असतो. एक जण हळहळतो, जुना फोटो टाकतो. दुसरा त्याला झापतो: "जाऊ दे ना भो, आपलं काय घेणं-देणं? गिरणेत आपली पोरं बुडतात तेव्हा कुठं जातात हे अश्रू?" तिसरा दोघांनाही गप्प करतो: "वेळ आली होती. पट्टीचा पोहणाराच बुडतो." मग सगळे हात जोडल्याची चित्रं टाकतात आणि विषय मिटतो. या वादात तिन्ही बाजू चुकीच्या जागी भांडतात असं माझं म्हणणं आहे. परक्या नटासाठी रडणं खोटं नसतं, त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण जो शोक "समुद्राने ओढून नेलं" या वाक्यापाशी थांबतो तो अर्धा शोक आहे. ओढून नेलं म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारणं हा शोकाचाच भाग आहे. आणि गिरणेतल्या पोरांची आठवण काढून दुसऱ्याचं तोंड बंद करणारा माणूस तरी हा प्रश्न कुठे विचारतो?

त्याच्या म्हणण्यातलं खरं आधी मान्य करू. शोकाची वाटणी विषम आहे. दूरच्या देशातल्या नटावर रकाने भरतात, आणि शहाद्याच्या किंवा पाचोऱ्याच्या पोराला चार ओळी मिळतात: नाव, वय, गाव, 'बुडून मृत्यू', पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचं मूल असेल तर त्या चार ओळीही मिळतील याची खात्री नाही. हा आक्षेप राग येण्यासारखाच आहे. पण शोक म्हणजे काही रेशनचा गहू नाही, की एकाच्या पिशवीत जास्त पडला म्हणून दुसऱ्याची रिकामी राहिली. पडद्यावरच्या माणसाशी जडणारं नातं एकतर्फी असतं, तरी ते खरं असतं. ज्या १९८४ साली अमेरिकेत ही मालिका सुरू झाली, त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली होती. ज्यांच्या गल्लीत एकच टीव्ही होता, खिडकीच्या गजाला धरून पोरं उभी राहायची, त्यांना या नात्याबद्दल काही सांगायला नको. त्या घरातली माणसं आपल्या घरातली झाली होती. अमेरिकेतल्या कुटुंबांना थिओ तसाच होता.

खान्देशला तर या शोकाचा स्वतःचा अनुभव आहे. स्मिता पाटील मूळच्या शिरपूरच्या घराण्यातल्या. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचताना लोकांनी त्यांना आधी पाहिलं, सिनेमात नंतर. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या ३१व्या वर्षी, बाळंतपणानंतर जेमतेम पंधरा दिवसांत त्या गेल्या. तेव्हा जे लिहिलं-बोललं गेलं त्याचा सूर आठवा: नियती, चटका, अकाली विझलेली ज्योत. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने ३१ वर्षांची बाई मरते, मुंबईसारख्या शहरात मरते, मग सातपुड्यातल्या पाड्यांवर, जिथून दवाखान्यात न्यायला झोळी करावी लागते, तिथं काय होत असेल? त्या अफाट शोकात हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला असता तर शोक उणा पडला असता का? उलट त्यांनी पडद्यावर ज्या बायका उभ्या केल्या त्यांच्यापर्यंत तो पोचला असता. बालकवींचंही तेच. धरणगावला जन्मलेला हा कवी ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडला, आणि शंभर वर्षं आपण त्या मरणाला कवितेचा मुलामा देत आलो. 'तंद्रीत होते' असं म्हटलं की रूळ, फाटक, गाडीची वेळ यांतलं काहीच बघावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माणूस गेला, घरात अजून दिवा जळतोय, आणि तुम्ही त्याच्या मरणाची चिरफाड करता? "पोहायला जायचंच कशाला," "भान ठेवायला नको का," असली वाक्यं बाराव्याच्या पंगतीतही ऐकू येतात, आणि ती ऐकणाऱ्या आईबापांच्या काळजाला घरं पडतात. हे खरंच आहे. दारात बसायला गेलेल्याने तपासणी करू नये. पण कारण शोधणं आणि दोष देणं या दोन गोष्टींची आपण सरमिसळ केली आहे. कारण नीट कळलं की दोष बहुधा गळून पडतो. 'बेफिकीर होता' हा निवाडा तोच देतो ज्याला पाण्याची चाल माहीत नसते. ती माहीत झाली की कळतं, त्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी तिथंच उतरलो असतो, कारण ती जागा सगळ्यात शांत दिसते.

ही चाल समजून घेण्यासारखी आहे. समुद्राच्या लाटा किनाऱ्याकडे पाणी ढकलत राहतात. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचा बांध असतो. त्यावर लाटा फुटतात आणि पाणी बांध ओलांडून आत येतं. आत आलेल्या पाण्याला परत जायला वाट हवी. ते किनाऱ्याच्या कडेकडेने वाहत बांधाला जिथं खिंडार पडलंय तिथं जमा होतं आणि त्या अरुंद फटीतून जोराने बाहेर निघतं. शेतात बांध फुटला की वावरभर साचलेलं पाणी एकाच जागेतून कसं धावतं, तसंच. याला रिप करंट म्हणतात. (मृत्यूच्या बातमीखाली आपण इंग्रजी आद्याक्षरं लिहितो त्यांचाही उच्चार रिपच होतो. भाषेला कधी कधी विनोदाची वेळ कळत नाही.) वॉर्नर यांच्या बाबतीत अधिकाऱ्यांनी जोरदार प्रवाहाने आत ओढल्याचं सांगितलं. वाळूच्या उघड्या किनाऱ्यांवर असं आत ओढणारं पाणी बहुतेक वेळा याच जातीचं असतं.

आता त्या फटीकडे किनाऱ्यावरून बघा. तिथं पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस, आणि मध्ये दहा-वीस मीटर रुंदीचा गडद, गुळगुळीत पट्टा. लहान पोरांना घेऊन आलेला बाप कुठं उतरेल? जिथं लाटा आदळत नाहीत तिथंच. धोक्याच्या जागेला शांततेचं रूप असतं. नीट बघितलं तर त्या पट्ट्यावरचा फेस, वाळू, शेवाळ किनाऱ्याकडे यायच्या ऐवजी समुद्राकडे चाललेलं दिसतं. पाण्यात शिरण्याआधी पाच-दहा मिनिटं उंचावर उभं राहून एवढंच पाहायचं असतं. कुणी पाहत नाही, कारण हे पाहायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं.

आणि हा प्रवाह 'खाली' खेचत नाही. तो आडवा, पृष्ठभागाजवळून, समुद्राकडे नेतो. नेहमीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाहूनही कमी. पण जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. जगातले सर्वांत वेगवान जलतरणपटू ५० मीटरच्या शर्यतीत सेकंदाला सव्वादोन-अडीच मीटर कापतात, तेही वीस-एकवीस सेकंदच. साधा बरा पोहणारा सेकंदाला एक मीटरही फार वेळ धरू शकत नाही. म्हणजे प्रवाहात सापडलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारतो, किनारा मात्र लांबच जातो. दोन-तीन मिनिटांत दम संपतो. जीव जातो तो या झुंजीत, दमल्यामुळे. म्हणून सांगतात की झुंजू नका. पाठीवर पडून तरंगा, श्वास सांभाळा, एक हात वर करून हलवा. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेल्यावर ओढ बहुधा ढिली पडते. कित्येक ठिकाणी ती गोल फिरून माणसाला वाळूच्या बांधाकडे परतही आणते. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, ज्या बाजूला पांढऱ्या लाटा फुटताना दिसतात त्या बाजूला पोहायचं, कारण लाट फुटते तिथं पाणी उथळ असतं. एका बाजूला जमत नसेल तर दुसरी बाजू धरायची.

"पट्टीचा पोहणाराच बुडतो" या म्हणण्याचा उलगडाही इथंच होतो. हे निरीक्षण खोटं नाही, त्यावरून काढलेला अर्थ खोटा आहे. न पोहणारा मुळात गुडघाभर पाण्याच्या पुढे जात नाही, मग खोल पाण्यात सापडणारे पोहणारेच असणार. शिवाय आपलं पोहणं विहिरीतलं. कमरेला दोर, पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा, रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात केळीचं खोड. काका वरून ढकलतो आणि चार दिवसांत पोरगं सूर मारायला लागतं. शिक्षण उत्तम. पण विहिरीत कुठूनही चार हात मारले की कडेचा दगड हाताला लागतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं. ज्याला जन्मभर 'काठ गाठायचा' एवढंच शिकवलं, तो प्रवाहातही काठच गाठायला जाणार. त्याला दैवाने मारलं असं म्हणण्यापेक्षा त्याचं शिक्षण अर्धं राहिलं असं म्हणणं प्रामाणिकपणाचं नाही का?

बुडणं कसं दिसतं, हेही आपल्याला पडद्यानेच शिकवलं आणि चुकीचं शिकवलं. मालिकेत बुडणारा हात उंचावतो, "वाचवा, वाचवा" ओरडतो, पाणी उडवतो. खरा बुडणारा ओरडत नाही. आवाज काढायला आधी श्वास लागतो, आणि त्याचं तोंड पाण्यावर येतं ते एक घोट हवा घेण्यापुरतं. हात वर जात नाहीत. शरीर आपोआप ते बाजूला पसरून पाण्यावर दाबतं, शिडी चढल्यासारखं. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेत, डोळे काचेसारखे, अंग उभं, पाय हलत नाहीत. हे २० ते ६० सेकंद चालतं, मग माणूस खाली जातो. काठावर दहा जण मोबाईलवर फोटो काढत असताना मधलं पोरगं नाहीसं होतं, आणि नंतर सगळे शपथेवर सांगतात, "आवाजच आला नाही हो." खरंच आलेला नसतो. पाण्यातलं पोर बडबडायचं थांबलं की बघावं. गप्प झालेलं पोर ही पहिली खूण.

यावर तिसरा आक्षेप येतो, खान्देशी माणसाचा हक्काचा: आमच्याकडे समुद्र कुठं आहे? आहे की. सुरत हे खान्देशचंच बंदर. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून अहिराणी ऐकू येते, सुट्टीत पाहुणे म्हणून गेलेली पोरं डुमसच्या काळ्या वाळूवर जातात, आणि आपली तापी तिथंच समुद्राला मिळते. खंबातच्या आखाताच्या त्या तोंडाशी भरती-ओहोटीचा फरक मोठा. ओहोटीला पाणी दिसेनासं होतं, माणसं गाळात चालत आत जातात, आणि भरती बाजूच्या घळीतून मागे येऊन परतीची वाट कापते. कोकणातल्या सहलींचं तर विचारू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. त्यानंतर वाद रंगला तो सहली बंद कराव्यात की नाही याचा. बंदी घालणं सोपं, वाळूचा बांध समजावून सांगणं अवघड.

पण समुद्र सोडा. धोक्याच्या जागेचं शांत रूप गिरणेलाही आहे. एप्रिल-मे महिन्यात धरणातून आवर्तन सुटतं, कोरड्या पात्रात पाणी येतं, शाळेला सुट्टी असते, ऊन ४३-४४ अंशांवर. पोरं नदीवर जाणारच. पात्र त्यांच्या ओळखीचं असतं, पण मागच्या उन्हाळ्यातलं. मधल्या काळात वाळू उपसणाऱ्या यंत्रांनी तिथं पुरुष-दीड पुरुष खोल खड्डे पाडलेले असतात, कडा जवळजवळ उभ्या. वरून पाणी सगळीकडे सारखंच गढूळ, सारखंच सपाट. गुडघाभर पाण्यातून चालणारं पोर पुढचं पाऊल टाकतं ते थेट डोक्याएवढ्या पाण्यात. परत यायला कड धरावी तर ती सुटी वाळू, हातात येते आणि ढासळते. त्याला धरायला दुसरा जातो, तो त्याच कडेवरून घसरतो, मग तिसरा. 'दोघे सख्खे भाऊ', 'तिघे मित्र' अशा बातम्या का येतात याचं कोडं इथं आहे. त्यात दैव कुठे आलं? खड्डा कुणीतरी खणला, कुणीतरी वाळू भरून नेली, कुणीतरी पावती फाडली किंवा फाडली नाही. 'पाणी बळी मागतं' हे वाक्य ज्याच्या सोयीचं आहे, तो काठावर रडणाऱ्यांत नसतो.

तापीची तऱ्हा वेगळी. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, आणि त्यांतून येणारं पाणी भुसावळवर पडलेल्या पावसाचं असायलाच हवं असं नाही. तापी उगम पावते मध्य प्रदेशातल्या मुलताईला, पूर्णा येते गाविलगडच्या डोंगरांतून. चांगदेवला दोघी भेटतात. पाऊस मेळघाटात पडतो, आभाळ इथं निरभ्र असतं, आणि संध्याकाळी पात्रातला खडक पाण्याखाली जातो. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी असेच गेले. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. खडकावरची ओली रेघ वर सरकतेय का, पाणी अचानक गढूळ झालं का, काडीकचरा वाहून यायला लागला का, एवढं बघितलं तरी काठावर यायला काही मिनिटं हाती लागतात. कानबाईच्या विसर्जनाला बायका-पोरं नदीत उतरतात तो श्रावण, म्हणजे नेमके हेच दिवस.

सगळ्यात दुर्लक्षित सापळा मात्र शेतातच आहे. सरकारी योजनेतलं मोठं शेततळं ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल. आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यावर महिन्याभरात बुळबुळीत शेवाळ. उतार दीडास एक, म्हणजे दीड मीटर आडवं गेलं की एक मीटर खोल, दिसायला सौम्य. कोरड्या जमिनीवर अशा उतारावरून म्हातारी शेळीही चढेल. ओल्या कागदावर मात्र तळपाय टिकत नाही, बोटांना पकडायला एक सुरकुती सापडत नाही. पोहणारा काठापर्यंत येतो, हात टेकतो, घसरतो, पुन्हा येतो. काठ हातभर अंतरावर असताना दमून मरतो. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हमधला, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडच्या झडपेतला, कचरा काढायला उतरलेला बाप, त्याच्यामागे मुलगा. यावरचा उपाय कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो: बारा-चौदा मिलिमीटर जाडीचा दोर, फूटभर अंतरावर गाठी मारलेला. काठापासून दीड-दोन मीटर मागे लोखंडी अँगल ठोकून त्याला बांधायचा आणि दुसरं टोक तळापर्यंत सोडायचं. उताराची लांबी भरते सुमारे १८ फूट, मागची बांधणी धरून २५ फूट. चारही बाजूंना एकेक. नायलॉन उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून दरवर्षी ओढून बघायचा, बदलायचा. आणि काठावर एक रिकामा पाच लिटरचा तेलाचा कॅन, बूच घट्ट लावलेला, दोराला बांधून ठेवलेला. फेकताना लांब जावा म्हणून आत पेलाभर पाणी. बुडणाऱ्याचं तोंड पाण्यावर ठेवायला चार-पाच किलोची उचल पुरते. तेवढी तो कॅन देतो.

कारण वाचवायला उडी मारणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. घाबरलेला माणूस जवळ येणाऱ्याच्या खांद्यावर चढतो, दोघंही जातात. आधी काठी, मग दोर किंवा कॅन, मग तराफा. २०२० साली तमिळनाडूत पेरंबलूरजवळच्या कोट्टरै धरणावर चार तरुण बुडत होते. तिथं आलेल्या तीन बायकांनी अंगावरची लुगडी सोडून एकमेकींना बांधली, फेकली, आणि दोघांना ओढून काढलं. काठावर काहीतरी फेकण्यासारखं नेहमीच असतं, ते सुचावं लागतं.

बाहेर काढल्यावर तर आपण घोळच घालतो. पालथं घालून पोट दाबणं, उलटं टांगणं, माठावर लोळवणं, खांद्यावर टाकून पळणं. त्याने पोटातलं पाणी आणि अन्न घशात येतं आणि श्वासनलिकेत जातं. शिवाय हातचा वेळ जातो. मेंदूला प्राणवायूवाचून चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते, आणि तालुक्याचा दवाखाना चार मिनिटांवर नसतो. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते हवा न मिळाल्याने, म्हणून आधी हवा द्यायची. सपाट जागी उताणं झोपवा, कपाळावर हात ठेवून हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून छाती वर येईल असे पाच श्वास द्या. हालचाल नसेल, श्वास नसेल, तर छातीच्या मधोमध तळहाताने दाबा: पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तीस दाबा, दोन श्वास. तीस दाबा, दोन श्वास. फेस आला तरी थांबायचं नाही, पुसत बसायचं नाही. दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच, फुप्फुसातला त्रास काही तासांनी वाढू शकतो.

या सगळ्याला कुणी म्हणेल, हे तर माहितीपत्रक झालं, शोकाशी याचा काय संबंध? संबंध इतिहासात दिसतो. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावर एकामागून एक मोठ्या लाटा आल्या आणि वाळूवर उभी असलेली शेकडो माणसं आत ओढली गेली. त्या दिवशी किनाऱ्यावर जीवरक्षक मंडळाचे स्वयंसेवक दोराच्या रिळांसह हजर होते. शेकडो लोक बाहेर काढले गेले, दगावले पाच. ही मंडळं अशाच मरणांनंतर, त्याच किनाऱ्यांवरच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी केली होती. आता त्याच देशाचा दुसरा नमुना पाहा. १७ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट खवळलेल्या समुद्रात पोहायला उतरले आणि सापडलेच नाहीत. त्यांचं नाव मेलबर्नमध्ये कशाला दिलं, तर पोहण्याच्या तलावाला. लोक अजून त्यावर हसतात. मला मात्र ते स्मारक चौकातल्या पुतळ्यापेक्षा बरं वाटतं. निदान तिथं पोरं पोहायला शिकतात. आणि आपण? १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणात त्याची आठवण अजून निघते ती गटारी अमावास्येच्या अपशकुनाची म्हणून.

देशात दरवर्षी ३५ हजारांहून जास्त लोक बुडून मरतात. त्यांतल्या बहुतेकांवर पोलिसांचं एक कलम लागतं, पूर्वी १७४, आता नव्या संहितेत १९४. पंचनाम्यात कपडे, चप्पल, मोबाईल यांची नोंद असते. पाण्याची खोली, कडेचा उतार, दोर होता की नव्हता, बाहेर काढायला किती मिनिटं लागली, काढल्यावर काय केलं, यांची नसते. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाखांचं अनुदान मिळतं, आणि ते मिळावं म्हणून सातबारा, शवविच्छेदन अहवाल, पंचनामा अशी चळत जोडावी लागते. एवढे कागद एका मरणाचे. त्यांतला एकही शेजारच्या शेततळ्यावर जाऊन वाचला जात नाही. गिरणेतल्या पोरांची आठवण देणाऱ्या मित्राने आपला राग या ठिकाणी आणावा. परक्या नटासाठी हळहळणाऱ्यावर तो खर्च करून पाचोऱ्याच्या पोराला काय मिळालं?

गावात पोरगं बुडालं की तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागतो. गॉगल लावलेला फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली मित्रमंडळाची पंचवीस नावं. दहा बाय आठचा फ्लेक्स वाऱ्याने फाटू नये म्हणून चारही कोपऱ्यांना दोर लावून मागे विजेच्या खांबाला नाहीतर बाभळीला ताणून बांधतात. नायलॉनचाच असतो तो, शंभरेक फूट सहज लागतो.